खाऱ्या पाण्यातले आगंतुक

हैदराबादला समुद्र नाही. हुसेनसागराच्या नावात सागर आहे, इतकेच. खरा किनारा पाहायचा तर आंध्रातील सूर्यलंकेपर्यंत सहा-सात तासांचा प्रवास करावा लागतो. तरीही गेली सहा वर्षे अंबरपेठेतील आमच्या दिवाणखान्यात चार फूट लांबीचा एक समुद्र नांदतो आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी ‘या वेळी दवाखान्याबाहेरचे काही लिहा’ अशी सूचना केली, म्हणून या छंदाविषयी लिहावयास बसलो. लिहिता लिहिता विषय पुन्हा दवाखान्यातच येऊन पोहोचला, त्यास माझा इलाज नाही.

या शहरात मासा आणि वैद्यक यांचे नाते तसे जुनेच आहे. मृग लागला की नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर दम्याचे रुग्ण जिवंत मासा गिळण्यासाठी रांगा लावतात आणि आपण डॉक्टर मंडळी दरवर्षी त्यावर नापसंती व्यक्त करतो. मला माशांनी जे शिकविले, ते मात्र माझ्या हातून ते मेल्यामुळे.

विद्यार्थिदशेत मुंबईस गेलो असता १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. त्या काचांमागचे रंग मनातून कधी गेले नाहीत. दवाखान्याचा व्याप कमी केल्यावर मुलीने व जावयांनी तीनशे लिटरची टाकी भेट दिली. गोड्या पाण्यातील मासे पाळणे आणि खाऱ्या पाण्यातील पाळणे यांत कंपाउंडर आणि भूलतज्ज्ञ यांच्या कामाएवढे अंतर आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम कृत्रिम सागरी मीठ मिसळावयाचे, उष्णता पंचवीस-सव्वीस अंशांवर राखावयाची (आपल्या एप्रिल-मे महिन्यांत हे कसे करावे लागते, ते विजेचे बिल भरणारासच ठाऊक), आणि मुख्य म्हणजे सच्छिद्र सागरी खडक आत ठेवावयाचा. या खडकाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. टाकीचे यकृत म्हणजे हा खडक होय.

परंतु खडकाबरोबर न बोलाविलेली मंडळीही येते. कृमी, खेकडे, गोगलगायी, समुद्रफुले, शेवाळे, आणि नाव सांगता येणार नाही असे बरेच काही. छंदिष्ट लोक त्यांना इंग्रजीतून ‘हिचहायकर’ म्हणतात, म्हणजे रस्त्यात हात दाखवून फुकट गाडीत बसणारे. आपला ‘आगंतुक’ हा शब्द मला अधिक सोयीचा वाटतो. आयुर्वेदातही बाहेरून आलेल्या व्याधीला आगंतुकच म्हणतात.

टाकी मांडून चार महिने झाले होते. एका रात्री दिवे मालवल्यावर सहज विजेरी मारली, तो खडकाच्या फटीतून वीतभर लांबीचा, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर असलेला एक कृमी बाहेर येऊन सरपटताना दिसला. त्याच्यामागून दुसरा. आमच्या सौ. किंचाळल्याच. दुसऱ्या दिवशी रंगीत माशांच्या एका दुकानात गेलो. तेथील मुलाने वर्णन अर्धे ऐकूनच निळ्या औषधाची बाटली काढून दिली. ‘सब मर जाएगा, साब,’ हे त्याचे आश्वासन. ते शब्दशः खरे ठरले.

बाटलीत तांब्याचा क्षार होता. माशांच्या अंगावरील काही परजीवींवर तो मोजून-मापून, वेगळ्या टाकीत देण्याचे औषध आहे. पाठीचा कणा नसलेल्या बहुतेक सागरी जीवांना तो विष ठरतो, हे मला ठाऊक नव्हते. कृमी मेले. त्यांच्याबरोबर गोगलगायी मेल्या, शेवाळ खाणारे शंखांतले खेकडे मेले, दोन कोळंब्या मेल्या. खडकाच्या पोटात जे शेकडो जीव कुजले, त्यांचा अमोनिया पाण्यात उतरला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची दोन्ही क्लाऊनफिश तळाशी आडवी पडलेली आढळली. नातीने त्यांना नावे ठेवलेली होती. तिला काय सांगावे हे मला सुचेना. तांबे चुनखडीच्या खडकात मुरते, त्यामुळे तो खडकही टाकून द्यावा लागला.

पुढे वाचन केले तेव्हा कळले की ते केसाळ कृमी, म्हणजे ब्रिसल वर्म, बहुतांशी सफाई कामगार असतात. माशांनी न खाल्लेले अन्न, मेलेले मांस, फटींतला गाळ हे त्यांचे खाद्य. त्यांचे केस बोटात रुतले तर आग होते, हे खरे. हातमोजे घातले की तोही प्रश्न संपतो. ते संख्येने वाढले तर त्याचा अर्थ यजमान अन्न जास्त टाकतो आहे, इतकाच. म्हणजे मी लक्षणाला रोग समजलो, रोगाचे कारण स्वतः चालू ठेवले, आणि निदान न करता औषध दिले. तेही औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने. आयुष्यभर ज्या वर्तनासाठी रुग्णांना रागावलो, ते सगळे माझ्याच दिवाणखान्यात घडले.

माझे म्हणणे एवढेच आहे की या आगंतुकांतील बहुसंख्य निरुपद्रवी असतात, कित्येक उपयोगी असतात, आणि जे थोडे खरोखर घातक असतात त्यांना प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो. त्यामुळे ओळख पटेपर्यंत हात आखडता घ्यावा. विशेषतः डॉक्टरांनी. आपल्याला काहीतरी ‘देण्याची’ सवय झालेली असते.

एप्टेशिया या लहानशा तपकिरी समुद्रफुलाचे उदाहरण पाहा. दिसावयास नाजूक, पण त्याचे डंख शेजारच्या प्रवाळांना भाजून काढतात. पाहिल्याबरोबर नखाने खरवडून काढण्याचा मोह होतो आणि तेथेच घात होतो, कारण तळाच्या राहिलेल्या कणाकणांतून नवी समुद्रफुले उगवतात. अर्धवट काढलेली गाठ कशी परत येते हे आमच्या शल्यचिकित्सक मित्रांना सांगावयास नको. त्याच्या तोंडात सुईने चुन्याची दाट निवळी किंवा लिंबाचा रस सोडला तर ते आतून मरते. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्याला खाणारा जीव सोडणे. पेपरमिंट कोळंबीच्या काही जाती हे काम करतात. बर्घिया नावाची इंचभराचीही नसलेली बिनशंखाची गोगलगाय तर एप्टेशियाखेरीज दुसरे काही खातच नाही. तो संपला की ती उपाशी मरते. इतके नेमके औषध आपल्या औषधकोशात किती आहेत?

लाल चपट्या कृमींची गोष्ट आणखी बोधक आहे. त्यांच्या अंगात विष असते. हजारो कृमी एकदम मारले तर ते सारे विष पाण्यात उतरते आणि मासे दगावतात. सिफिलिसच्या रुग्णाला पेनिसिलिन दिल्यावर येणारी हर्क्सहायमरची प्रतिक्रिया आठवावी. म्हणून आधी नळीने शोषून त्यांची संख्या घटवायची, मग औषध, आणि लगेच सक्रिय कोळसा व पाणीबदल.

रात्री टाकीतून टक्-टक् असा टिचकी मारल्यासारखा आवाज येऊ लागला तर मँटिस श्रिंप आली असण्याचा संभव असतो. तिच्या गदेसारख्या पायाचा फटका शिंपले फोडतो आणि मोठ्या जातींनी काच तडकावल्याचीही उदाहरणे आहेत. तिला आमिषाच्या सापळ्यात धरून वेगळ्या भांड्यात ठेवावे. मारू नये असे माझे मत आहे, कारण इतके अद्भुत डोळे असलेला प्राणी विरळा. खेकड्यांविषयी फार न लिहिता एवढेच सांगतो की केसाळ अंगाचा व काळ्या टोकांच्या नांग्यांचा दिसला तर बाहेर काढावा.

ओळख पटविण्याचे महत्त्व आपल्या शहराला तरी कोणी सांगू नये. सर रोनाल्ड रॉस दोन वर्षे डास चिरीत होते आणि हाती काही लागत नव्हते, कारण डास भलत्याच जातींचे होते. पंखांवर ठिपके असलेल्या डासाकडे ते वळले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस त्याच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचा जंतू दिसला. सूक्ष्मदर्शक तोच होता, माणूस तोच होता. डास तेवढा बदलला.

आता जे सांगणार आहे ते सांगताना संकोच वाटतो. टाकी घरात येण्याच्या पुष्कळ वर्षे आधी माझ्याकडे पस्तिशीचे एक गृहस्थ आले होते. उजव्या तर्जनीवर न दुखणारी गाठ होती. काही आठवड्यांत मनगटाकडे ओळीने आणखी तीन गाठी उठल्या. बायॉप्सीत ग्रॅन्युलोमा निघाला. आपल्या देशात ग्रॅन्युलोमा म्हटले की मनात काय येते, ते वेगळे सांगावयास नको. मी क्षयाची औषधे सुरू केली. पाच महिने झाले, फरक अर्धवट. बोट वाकेनासे झाले. अखेर एका त्वचारोगतज्ज्ञ मित्राकडे पाठविले. मित्राने दोन मिनिटांत विचारले, ‘कसले दुकान?’ माझ्या कागदावर व्यवसायापुढे मी ‘दुकान’ एवढाच शब्द लिहिला होता. दुकान रंगीत माशांचे होते. हा माणूस रोज उघड्या हातांनी टाक्या धूत होता.

मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयजंतूचा चुलतभाऊ १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत प्रथम सापडला. तो गोड्या व खाऱ्या दोन्ही पाण्यांत असतो आणि हाताच्या लहानशा खरचटण्यातून आत शिरतो. त्याला तीस ते बत्तीस अंशांची उष्णता मानवते; म्हणूनच तो शरीराच्या थंड भागांवर, म्हणजे बोटांवर व हातांवर वाढतो, आणि प्रयोगशाळेने नेहमीप्रमाणे सदतीस अंशांवर कल्चर लावले तर बहुधा उगवत नाही. तशी सूचना आपणच चिठ्ठीवर लिहावी लागते. नेहमीच्या क्षयोपचारातील आयसोनियाझिड व पायराझिनामाइड यांचा त्याच्यावर फारसा उपयोग होत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर इथॅम्ब्युटॉल किंवा रिफॅम्पिसिन काही महिने द्यावे लागते. ते गृहस्थ बरे झाले, परंतु बोटाचा ताठरपणा थोडा राहिलाच. एका शब्दापुढे आणखी एक प्रश्न विचारला असता तर तो राहिला नसता. आपल्या संस्थेच्या वार्षिक तपासणी शिबिरातील केसपेपरवर ‘घरी किंवा कामावर मत्स्यालय आहे का?’ असा एक रकाना असावा, अशी माझी कार्यकारिणीस जाहीर विनंती आहे. कोंबड्या-बकऱ्यांविषयी आपण विचारतोच.

दुसरा धोका याहून तातडीचा आहे. झोअँथिड नावाची बटणांसारखी रंगीत फुले खडकावर चिकटून येतात. दिसतात मोहक. त्यांच्यातील काहींत, विशेषतः पॅलिथोआ गटात, पॅलिटॉक्सिन हे निसर्गातील अत्यंत जहाल विषांपैकी एक विष असते. पेशीतील सोडियम-पोटॅशियम पंपालाच ते उघडी खिंड करून टाकते. त्यावर उतारा नाही, उपचार लक्षणांनुसारच. ‘खडक निर्जंतुक करू’ म्हणून कोणी तो स्वयंपाकघरात उकळला, किंवा कडक ब्रशाने घासला, तर वाफेतून व तुषारांतून ते विष घरभर पसरते. २०१८ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये टाकी साफ करताना असेच घडले. घरातील माणसांबरोबर मदतीस धावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले. खोकला, धाप, ताप, स्नायूंत कळा आणि तोंडात धातूसारखी चव अशी लक्षणे घेऊन एका घरातील दोघे-तिघे एकदम आले, तर विषाणूज्वर म्हणून परत पाठविण्यापूर्वी टाकीची चौकशी करावी. सागरी खडक कधीही उकळू नये, हे वाक्य मात्र वाचकांनी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

या साऱ्यावर सर्वांत स्वस्त उपाय दाराशीच करावयाचा असतो. १३७७ साली रागुझा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, येथील कारभाऱ्यांनी प्लेगच्या गावांहून येणाऱ्या जहाजांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे त्याचे चाळीस दिवस झाले आणि त्या चाळिशीवरून क्वारंटाइन हा शब्द आला. कोविडने तो आपल्या घराघरांत पोहोचविला. नवा खडक वा नवा मासा आणला की तो चार ते सहा आठवडे साध्या, वेगळ्या टाकीत ठेवावा. रात्री तांबड्या उजेडाच्या विजेरीने पाहावे, कारण बहुतेक सागरी जीवांना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही व ते बिनघोर बाहेर येतात. छायाचित्र काढावे, जाणत्यास दाखवावे, आणि मगच काय ते ठरवावे.

काही जण म्हणतील, म्हाताऱ्याने घरातल्या डबक्याचे एवढे काय लावले आहे! त्यांनी विशाखापट्टणमकडे पाहावे. १९६७ च्या सुमारास तेथील बंदरात काळ्या पट्ट्यांचा एक चिमुकला शिंपला आढळला. मायटिलॉप्सिस सॅलेई हे त्याचे नाव, मूळ घर मध्य अमेरिकेचा अटलांटिक किनारा. जहाजांबरोबर आलेला हा फुकटा प्रवासी पुढे मुंबईच्या गोदीतही पोहोचला. एकावर एक थर देऊन तो खांब, साखळ्या, नळ, जहाजांचे तळ सारे झाकून टाकतो. तो आजही येथे आहे. हाच शिंपला १९९९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौकाबंदरांत सापडला, तेव्हा तेथील शासनाने तत्काळ दरवाजे बंद केले आणि क्लोरीन व मोरचूद ओतून काही आठवड्यांत त्याचे निर्मूलन केले. आतले इतर जीवही त्यात गेले. म्हणजे ज्या तांब्याने माझी टाकी मारली, तेच तेथे योग्य औषध ठरले, कारण निदान झालेले होते, जागा बंदिस्त होती आणि किंमत काय पडेल हे आधी तोलले होते. जहाजांच्या पोटातील तोलाच्या पाण्यातून येणाऱ्या अशा जीवांवरील जागतिक प्रकल्पासाठी २००० साली जी सहा बंदरे निवडली गेली, त्यांत मुंबई होते आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तेथील पाहणी केली. २००४ चा आंतरराष्ट्रीय करार अमलात यावयास मात्र ८ सप्टेंबर २०१७ उजाडले.

मत्स्यालयातून बाहेर पडलेल्यांची कथा तर थेट आपल्यावरच येते. मोनॅकोच्या सुप्रसिद्ध सागरी संग्रहालयाच्या खिडक्यांखाली १९८४ साली कॉलर्पा या हिरव्या शेवाळाचा सुमारे चौरस मीटरभर ठिपका दिसला. पुढे त्याने भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ व्यापला. गोड्या पाण्यात आपणही मागे नाही. ‘काच साफ करतो’ म्हणून घरोघरी आणलेला सकर मासा मोठा झाल्यावर लोक तलावात सोडतात. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत आज तो काटेरी मासा भरून येतो आणि जाळी फाडतो. पूर्व घाटातील जलाशयांत तो कोठवर पोहोचला, हे पाण्यातील डीएनएवरून शोधण्याचे काम आपल्याच शहरातील सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी केले आहे. आमच्या अंबरपेठेत मुसीकाठी दिवसाला तेहतीस कोटी नव्वद लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र आहे. ते मैला काढते, जिवंत मासे मोजत बसत नाही. खाऱ्या पाण्यातला जीव मुसीत जगणार नाही हे खरे. पण सहलीला विशाखापट्टणमला किंवा तारकर्लीला जाताना नको झालेला मासा ‘पुण्य मिळेल’ म्हणून डब्यातून नेऊन समुद्रात सोडणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर लायनफिश १९८५ पासून दिसू लागला आणि आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरला आहे. तोही हौशी लोकांच्या टाक्यांतूनच सुटला, असे मानले जाते.

आणखी एक अप्रिय मुद्दा. खडक येतो कोठून? आपल्या देशात प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणहून वा रामेश्वरहून ‘गुपचूप’ आलेला खडक स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्या डॉक्टरास कातडे विकत घेणाऱ्यापेक्षा निराळे का समजावे? माझा पहिला खडक कोठून आला होता, हे मी विचारले नव्हते. ‘दुकान’ लिहून पुढे गेलो होतो, तसाच.

आता टाकीत भाजलेल्या मातीचा कृत्रिम खडक आहे. त्यावर जिवाणू जमावयास चार महिने लागले. क्लाऊनफिशची नवी जोडी पिंजऱ्यात, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, जन्मलेली आणली. नातीने तीच जुनी नावे ठेवली. या महिन्यात एका मित्राने दिलेला शेवाळाचा गोळा विलगीकरणात आहे. आज एकविसावा दिवस. काल रात्री तांबड्या उजेडात त्याच्याखालून एक केसाळ कृमी डोकावून गेला. नातीने त्याचे चित्र काढून टाकीवर चिकटविले आहे आणि खाली लिहिले आहे, ‘आजोबा, औषध नको.’